आपांचा आवाज कोणत्या डिस्कवर?

१

डॉक्टरांनी सायराकान आपांचा घसा कापायच्या आधी त्यांचा आवाज जपून ठेवायचा, असं सगळ्या नारीन गावानं ठरवलं होतं. घसा कापला गेला. जपून ठेवलेला आवाजही गेला.

आपांची मुलगी जिपार हे सांगायला साबिराच्या फाटकाशी आली, तेव्हा साबिरा कुंपणालगतची करवंदीसारखी झुडपं छाटत होती. गुन्हे तपास खात्यातून निवृत्त झाल्यापासून तिला भेटायला येणाऱ्यांना एक तर रोपं हवी असायची, नाही तर सल्ला. जिपारला दोन्ही नको होतं. ती फाटकाला धरून उभी राहिली आणि रडायला लागली.

हकीकत अशी होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात सांस्कृतिक भवनात दिवसभर ध्वनिमुद्रण झालं. राजधानी बिश्केकहून नुरझात नावाची मुलगी लॅपटॉप, माइक आणि बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क घेऊन आली होती. आपांनी सकाळी कोशोक गायली, म्हणजे मयताच्या घरी बायका गातात ती विलापगीतं. त्या खोऱ्यात ती सगळी येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दुपारनंतर बाकीची गाणी झाली. संध्याकाळी सगळे जेवायला गेले आणि परत येऊन बघतात तर डिस्क टेबलाखाली पडलेली. जोडली तर नुसती टकटक करत होती. बिश्केकच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितली आणि हात वर केले.

"आपांना सांगितलं का?" साबिरानं विचारलं.

जिपारनं नकारार्थी मान हलवली. कोणत्या तोंडानं सांगणार? आपा घशाला नळी लावून पडल्या होत्या, आणि रोज खुणेनं विचारत होत्या की गाणी कधी ऐकवताय.

"आणि पडली कशी?"

"भवनाचे प्रमुख, दोलोतबेक आगाय म्हणतात, शहरातली निष्काळजी पोरगी, टेबलाच्या कडेला ठेवली असेल. आपोआप पडली."

साबिराच्या कपाळाची शीर तटतटली. उभी हयात तिनं हा शब्द ऐकला होता. नवऱ्यानं जिन्यावरून ढकललेली बाई आपोआप पडायची. सासूनं हात भाजलेली सून आपोआप भाजायची. या मुलखात बाईमाणसाच्या वाट्याला येणारं सगळं आपोआप होत असे, आणि चौकशीला गेलं की दहा माणसं 'जाऊ द्या ना' म्हणायला पुढे येत.

"ती पोरगी कुठंय?"

"ती डिस्क परत घेऊन कालच आली होती, माफी मागायला. दोलोतबेक आगायनी हाकलली. तिच्या स्टुडिओकडे तक्रार केलीय त्यांनी. आज निघतेय ती."

साबिरानं कात्री झुडपातच खोचली आणि कोट चढवला.

२

नुरझात भवनाच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मागे राहिलेल्या वायरी गुंडाळत होती. पंचविशीची, केस बारीक कापलेले, डोळे सुजलेले. साबिराला बघून ती उठून उभी राहिली.

"एजे, तुम्हीही मला बोलायलाच आला असाल तर बोला. मला आता सवय झालीय."

"बस पोरी. मी ऐकायला आलेय. सगळं पहिल्यापासून सांग, आणि मी अडाणी आहे असं समजून सांग."

मग नुरझातनं सांगितलं. प्रत्येक गाणाऱ्या-वाजवणाऱ्यापुढे वेगळा माइक असतो आणि प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठवला जातो, म्हणजे नंतर एकाचा कमी, दुसऱ्याचा जास्त करता येतो. इतके आवाज एकदम लिहून घेताना लॅपटॉपची आतली डिस्क दमते. त्यात तिचा लॅपटॉप जुना, जागा थोडी. म्हणून ती बाहेरून दोन डिस्क जोडून आवाज त्यांच्यात वाटून देत असे. दोन्ही सारख्याच, चंदेरी पत्र्याच्या. ओळखू याव्यात म्हणून तिनं एकीला लाल दोरा बांधला होता, एकीला निळा. सकाळी सगळ्यांना दाखवून तिनं बजावलं होतं: लालवर आपांचा आवाज आणि आपांचा कोमुझ, म्हणजे त्यांचं तीन तारांचं वाद्य, निळ्यावर बाकी सगळे, यांच्याजवळ चहाचे कप ठेवू नका. फिरताना त्या घुं घुं करतात, म्हणून दोन्ही एकाच जाड लोकरी नमद्यावर ठेवल्या होत्या, भिंतीकडच्या टेबलावर.

"दुपारी लाल अडखळायला लागली," ती म्हणाली. "डिस्क मंद आहे, असं लॅपटॉप सांगायचा आणि मुद्रण मध्येच थांबायचं. तिची वायर खराब होती आणि माझ्याकडे दुसरी नव्हती. आपांचं गाणं मध्येच तुटायला नको, म्हणून मी दुपारच्या जेवणानंतर अदलाबदल केली. आपांना निळ्यावर घेतलं, बाकीच्यांना लालवर. त्यात बराच वेळ गेला, सगळे वैतागले."

"थांब. म्हणजे फुटली ती लाल. मग आपांचा दुपारचा आवाज शाबूत आहे?"

"आहे की. ही काय निळी, माझ्या पिशवीत."

साबिरा तिच्याकडे बघतच राहिली. "गावात तर सगळे म्हणतायत, आवाज गेला."

"मी आगायना त्याच दिवशी सांगितलं, एजे. ते म्हणाले, कोशोक गेली तर उरलंय काय, ती साधी गाणी रेडिओवर रोज लागतात. कुणी ऐकूनच घेतलं नाही."

दोन्ही डिस्कची दुसरी प्रत ती त्या संध्याकाळी काढणारच होती. पण दोलोतबेकनं जेवायला ओढून नेलं. पाहुणीला उपाशी ठेवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून. त्या वेळात खोलीला कुलूप नव्हतं. आपांना साथ करणारा रिस्पेक कोट विसरला होता तो न्यायला आला. आपांचा शिष्य एमिलबेक आपला कोमुझ न्यायला आला. आणि खुद्द दोलोतबेक जेवणावरून उठून खिडक्या लावायला येऊन गेला.

साबिरानं मेलेली डिस्क हातात घेतली. लाल दोरा अजून तसाच होता. दोन कोपरे चेपले होते, समोरासमोरचे. एकदा पडलेली वस्तू एका कोपऱ्यावर पडते. तिनं चष्मा लावला. एका खळग्यात हिरवा रंग रुतून बसला होता.

टेबल पिवळं. जमीन तपकिरी. साबिरानं खोलीभर नजर फिरवली. समोरच्या खिडकीखाली खोली गरम ठेवणारे लोखंडी नळ होते, दरवर्षी रंगवून रंगवून जाड झालेले. हिरवेगार. त्यांच्या एका कडेचा रंग टवका उडून गेला होता.

"सामान सोड," ती नुरझातला म्हणाली. "ही पडली नाही. कुणीतरी हिला त्या नळावर आपटलीय, एकदा नव्हे, दोनदा. आणि मग टेबलाखाली नेऊन ठेवलीय."

३

दोलोतबेक आपल्या खोलीत प्रांताच्या महोत्सवाचे फलक टेबलावर पसरून बसला होता. सर्वांत मोठ्या फलकावर एमिलबेकचा चेहरा होता. 'माझं उंच कुरण' हे त्याचं गाणं महोत्सवाचं गाणं ठरलं होतं, आणि त्याच मंचावर त्याला सरकारी किताब मिळायचा होता.

साबिरानं हिरव्या रंगाचं काही सांगितलं नाही. त्या दिवशी काय काय झालं, एवढंच विचारलं. दोलोतबेकनं तासलेल्या पेन्सिलीनं फलकावर टकटक करत नुरझातची उणीदुणी काढली. त्या पोरीनं दुपारी वायरींशी खेळ करून सगळ्यांना ताटकळत ठेवलं. आपांना इकडून तिकडे, निळ्यावर की कुठे घेतलं. एवढा घोळ घालणारीनं डिस्क पाडली यात नवल ते काय. तो जेवणावरून उठला तो खिडक्या लावायला. वारा सुटला होता. त्या वेळी डिस्क टेबलावर होत्या का, हे त्यानं बघितलं नव्हतं.

"तक्रार मात्र लगेच बघून केलीत," साबिरा म्हणाली.

"एजे, महोत्सव तोंडावर आलाय. कुणावर तरी जबाबदारी ठेवायलाच हवी ना?"

"हो, आणि ती बाहेरगावची पोरगी असली की बरं पडतं."

साबिरा दार न लावताच बाहेर पडली.

कियाक वाजवणारा रिस्पेक घरीच सापडला. कियाक म्हणजे घोड्याच्या केसांच्या तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य, रिस्पेकसारखंच कुरकुरणारं. आपांच्या मागे बसून वाजवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि फलकावर त्याचं नाव कधी आलं नव्हतं. त्यानं चहा ओतला, पिठाचे तळलेले बोरसोक पुढे सरकवले आणि तक्रार सुरू केली. गावाला आपांचं पडलंय. त्याचं काय गेलं ते कुणी विचारलं नाही. दुपारनंतर त्या पोरीनं त्याला लाल डिस्कवर टाकलं, म्हणून त्याची सगळी दुपार मेली. कोट घेतला तेव्हा दोन्ही डिस्क नमद्यावर होत्या. त्यानं नीट पाहिलं होतं, कारण त्यातली एक आपली आहे असं त्याच्या मनात आलं होतं.

"एमिलबेक तिथं भेटला?"

"तो माझ्यानंतर आला असेल. दुपारच्या जेवणाआधीच तर गेला होता तो, प्रांताच्या साहेबांबरोबर मेजवानी झोडायला. दुपारी गुरुआईच्या मागे बसायला त्याला वेळ कुठला."

एवढं बोलून रिस्पेकनं जीभ चावल्यासारखं केलं आणि चहाच्या वाटीत बघायला लागला. त्याच्या पोटात आणखी काहीतरी होतं. साबिरानं दोनदा खोदून बघितलं. त्यानं दोन्ही वेळा बोरसोक पुढे केले.

४

एमिलबेकनं तिला दारापर्यंत येऊन आत नेलं. देखणा माणूस, बोलण्यात साखर. भिंतीवर आपांबरोबरचा त्याचा फोटो होता. त्यात तो अजून मिसरूड न फुटलेला पोरगा होता आणि आपांनी त्याची बोटं धरून तारांवर ठेवली होती.

आपांचं नाव काढताच त्याचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला पोटच्या मुलासारखं शिकवलं होतं, असं तो सांगत राहिला. किताब मिळाला की तो आधी त्यांच्या पायाशी ठेवणार होता. त्या संध्याकाळी तो कोमुझ घेऊन लगेच निघाला. टेबलाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"मला त्या डिस्कमधलं काही कळत नाही," साबिरा म्हणाली. "एक फुटली, एक आहे. मग सगळाच आवाज गेला असं का म्हणतात?"

"कारण फुटली ती लाल दोऱ्याची, एजे. आपांचा आवाज तिच्यावर होता, दिवसभराचा. निळीवर आम्ही नुसते वाजवणारे. सकाळची कोशोक गेली, दुपारची गाणीही गेली." त्यानं उसासा टाकला. "नशीब, दुसरं काय."

साबिरानं चहा संपवला आणि आभार मानले. रस्त्यावर येताच तिची पावलं भराभर पडायला लागली. तिला आता ती निळी डिस्क ऐकायची होती.

५

नुरझातनं हेडफोन तिच्या कानांवर चढवले. दुपारची गाणी एकामागून एक गेली. आपांचा आवाज थकलेला होता, पण सुरात. मग 'माझं उंच कुरण' आलं. रेडिओवर एमिलबेक ते रुबाबात म्हणतो. आपांनी ते बाळाला निजवताना म्हणावं तसं म्हटलं.

गाणं संपलं. नुरझात पुढे ढकलणार होती. "यानंतर नुसत्या गप्पा आहेत, एजे."

साबिरानं तिचा हात धरला.

गप्पाच होत्या. वाटी ठेवल्याचा आवाज, खाकरणं, आणि मग आपा बोलल्या.

"हे गाणं एमिलबेकचं नाही रे. माझ्या बहिणीचं, उलकानचं. ती कुरणावर मेंढ्या राखायची तेव्हा तिनं रचलं. ती बाळंतपणात गेली. मी ते या पोराला शिकवलं. त्यानं आपलं नाव लावलं, आणि मी म्हटलं, असू दे, पोर आहे, पुढे जाईल. इतकी वर्षं आवाज असून गप्प बसले. आता आवाज जायचाय, तर सांगून टाकते. उलकानचं गाणं आहे ते."

पलीकडून कुणाचा तरी हसल्यासारखा आवाज आला. तो रिस्पेक होता.

साबिरानं हेडफोन काढले. मग चष्माही काढून पुसला. नुरझातला वाटलं, रडतायत. तसं नव्हतं, ती संतापली होती.

६

दुसऱ्या दिवशी साबिरानं तिघांनाही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बोलावलं. नुरझात लॅपटॉपजवळ बसली. दोलोतबेक सारखा घड्याळ बघत होता.

साबिरानं आधी हिरवा रंग दाखवला, मग नळावरचा टवका. "तेव्हा 'आपोआप' हा शब्द आता कुणी काढू नये," ती म्हणाली. "दोन डिस्क एका नमद्यावर होत्या. मोडतोडच करायची असती तर दोन्ही फोडल्या असत्या. यानं एकच उचलली, लाल. म्हणजे त्याला दोऱ्यांचा अर्थ माहीत होता आणि आपांचाच आवाज मारायचा होता. हा अर्थ नुरझातनं सकाळी सगळ्यांना सांगितला होता. पण दुपारी तो उलटा झाला. नुरझातला ते ठाऊक, अदलाबदल तिनंच केली. आगायना ठाऊक, ते वैतागले होते. रिस्पेकला ठाऊक, त्याची दुपार लालवर गेली. आवाज मारायचा असता तर या तिघांनी दुपारचा निळ्यावर सोडला नसता. अदलाबदल माहीत नव्हती ती एकालाच, जो दुपारच्या जेवणाआधी मेजवानीला निघून गेला होता. त्यानंच मला काल स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की दुपारची गाणीही लालवर होती आणि गेली."

एमिलबेक हसला. "एजे, मी माझ्या आईसारख्या बाईचा आवाज कशाला मारेन?"

"रिस्पेक," साबिरा वळली, "आपांचं बोलणं ऐकून तू हसलास, ते डिस्कवर आहे. त्या दुपारी तू कुणाला फोन केलास?"

रिस्पेकची मान खाली गेली. त्यानं पुटपुटत कबूल केलं. चहाच्या सुट्टीत त्यानं एमिलबेकला फोन केला होता, डिवचायला. तुझी मेजवानी चालू दे, इकडे म्हातारीनं तुझ्या गाण्याचा खरा बाप सांगितला, बाप नाही, आई. आणि सगळं मुद्रित झालंय. पुढे असं काही होईल, असं त्याला वाटलं नव्हतं. नंतर भीती वाटली.

साबिरानं नुरझातला खूण केली. आपांचा आवाज खोलीत भरला. 'आता आवाज जायचाय, तर सांगून टाकते.' एमिलबेक उठून लॅपटॉपकडे झेपावला. रिस्पेक मध्ये आला. म्हातारा कियाकवाला पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढे उभा राहिला होता.

"फक्त ते एक वाक्य," एमिलबेक शेवटी म्हणाला. "मला फक्त ते एक वाक्य नको होतं."

"आणि त्यासाठी कोशोक मारलीस," साबिरा म्हणाली. "पिढ्यान्पिढ्यांच्या बायकांचं रडणं होतं तिच्यावर. तुझी आई गेली तेव्हा याच आपा तुमच्या दारात बसून गायल्या होत्या. तेही गेलं. आणि जे मारायचं होतंस ते जिवंत राहिलं."

दोलोतबेकला कंठ फुटला. झालं ते वाईट, पण आता महोत्सव आहे, फलक लागलेत, प्रांताची अब्रू आहे. घरातली गोष्ट घरात मिटवू. साबिरानं त्याला पुढे बोलू दिलं नाही. नुरझातविरुद्धची तक्रार तो आज मागे घेईल, तिची माफी याच भवनाच्या पायरीवर उभा राहून मागेल, आणि गाण्याखाली उलकानचं नाव लावेल. नाही तर साबिरा ही डिस्क घेऊन महोत्सवाच्या मंचावर चढेल. "मला निवृत्तिवेतन मिळतं, आगाय," ती म्हणाली. "माझं कुणी काही काढून घेऊ शकत नाही."

त्यानं संध्याकाळपर्यंत फलक उतरवले.

७

आपा घरी आल्या तेव्हा, ज्याची साबिराला चीड येत होती, तेच झालं. पांढऱ्या दाढ्यांचे चार वडीलधारे डोक्यावर उंच कलपाक टोप्या चढवून, एक मेंढी दोरीनं ओढत, एमिलबेकला पुढे घालून दाराशी आले. पोर चुकलं, म्हणाले. किताब गेला, नाव गेलं, अजून किती शिक्षा? आपा, तुम्ही मोठ्या आहात, मन मोठं करा. त्यांना आपांकडून तेवढी मान हलवून हवी होती.

साबिरा काहीतरी बोलणार होती. जिपारनं तिचा कोपर धरला.

आपा गाद्यांवर टेकून बसल्या होत्या, घशाला पांढरी पट्टी. त्यांना आता सगळं माहीत होतं. नुरझात आदल्या दिवशीच निळी डिस्क घेऊन आली होती. तिनं सांगितलं होतं की सकाळच्या कोशोकचं काही अगदीच उरलं नाही असं नाही; एका खोलीत बसलेल्यांचे आवाज एकमेकांच्या माइकमध्ये थोडे थोडे शिरतात, आणि सकाळी बाकीच्यांचे माइक निळ्यावरच होते. आपांच्या सर्वांत जवळ बसलेल्याच्या माइकमध्ये त्यांचा आवाज सर्वांत जास्त शिरला होता. सकाळी त्यांच्या जवळ एमिलबेक बसला होता.

आपांनी खुणेनं लॅपटॉप मागवला. हेडफोन उचलले, आणि समोर गुडघे टेकून बसलेल्या एमिलबेकच्या कानांवर स्वतःच्या हातानं चढवले. नुरझातनं कोशोक लावली.

खोलीत कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. म्हातारे एकमेकांकडे बघत होते. मेंढी अंगणात ओरडत होती. मध्येच एमिलबेकनं हात कानाकडे नेला; आपांनी तो मनगटाला धरून खाली घेतला आणि धरूनच ठेवला, जशी त्या फोटोत बोटं धरली होती. चहा निवला. कुणी उठलं नाही.

संपल्यावर आपांनी हात सोडला. एमिलबेकनं हेडफोन काढले. त्याचं तोंड ओलं झालं होतं. आपांनी भुवया उंचावून विचारलं: काय ऐकलंस?

"माझाच कोमुझ," तो म्हणाला. "सगळीकडे माझाच कोमुझ आहे, आपा. तुमचा आवाज त्याच्याखाली कुठेतरी आहे. ऐकू येत नाही."

आपांनी सावकाश होकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्यांना वाटलं, क्षमा केली, आणि त्यांनी दुआ संपल्यावर फिरवतात तसे चेहऱ्यांवरून हात फिरवले. पण ती मान क्षमेची नव्हती, त्याच्या उत्तराला होती, हे एमिलबेकला समजलं होतं. तो उठला आणि कुणाच्याही आधी बाहेर पडला.